गाडी पुलाला हलवते, की पूल गाडीला?



'झुलत्या पुलावरून रेल्वे गेली तर काय होईल?' असं मुलांना विचारा. बहुतेक जण म्हणतील, 'पूल हलेल.' उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. हललेला पूल परत गाडीलाही हलवतो. ही दुसरी बाजू शिकवताना राहून जाते.

झुलत्या पुलाचा रस्ता जाड केबलींना टांगलेला असतो. कपड्यांच्या दोरीवर ओली चादर टाकली, की दोरी तिथे खाली जाते. तसंच इंजिन जिथे असेल तिथे पूल दबतो. इंजिन पुढे सरकलं, की तो खोलगटपणाही पुढे सरकतो. म्हणजे गाडी स्वतःच तयार केलेल्या चढउतारावरून धावते! त्यामुळे तिच्या स्प्रिंगा खालीवर होतात, चाकांचा रुळांवरचा दाब कमीजास्त होतो आणि तो बदलता दाब पुलाला पुन्हा हलवतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पुलाचा हलण्याचा स्वतःचा ठेका असतो. समजा, डबा २० मीटर लांब आहे आणि वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. मग पुलाला दर सेकंदाला एक धक्का बसतो. हा ठेका पुलाच्या ठेक्याशी जुळला, तर झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखी हालचाल वाढत जाते. याला अनुस्पंदन म्हणतात. मात्र मोठ्या झुलत्या पुलाचा मुख्य हेलकावा फार संथ असतो, त्याला काही सेकंद लागतात. म्हणून तिथे खरी काळजी असते ती पूल दबण्याची.

इतिहासात हे दिसलंच. इंग्लंडमध्ये टीज नदीवर १८३० साली रेल्वेसाठी झुलता पूल बांधला. गाडीच्या वजनाखाली तो इतका वाकायचा, की पुढे तो बदलावा लागला. यानंतर १८५५ मध्ये जॉन रोबलिंग यांनी नायगारा नदीवर सुमारे २५० मीटरचा दुमजली पूल उभारला. वर रेल्वे, खाली घोडागाड्या. दोन मजल्यांच्या मध्ये लाकडी जाळीची ताठ चौकट घातली, तिरप्या तारांनी पूल आवळला आणि गाड्यांना ताशी सुमारे ८ किलोमीटरची मर्यादा घातली. पूल १८९७ पर्यंत चालला. इलाज दोन्हीकडे केला: पूल ताठ, गाडी सावकाश.

वर्गात करून बघा. दोन खुर्च्यांमध्ये दोन सुतळ्या थोड्या सैल बांधा, त्यांवर पातळ पुठ्ठ्याची पट्टी ठेवा आणि खेळण्यातली जड गाडी हळू ओढा. मग पट्टीच्या दोन्ही कडा वर दुमडून पुन्हा ओढा. पट्टी किती वाकली हे तर बघाच, पण गाडी कशी डोलली हेही मुलांना वहीत लिहायला सांगा.