हाती रंगवलेली प्रतिकृती घेताना

कुठून येतात? चीनच्या शेनझेन शहरातले दाफेन हे अशा प्रतिकृतींचे मोठे केंद्र. हाँगकाँगचे चित्रव्यापारी ह्वांग ज्यांग १९८९ मध्ये काही चित्रकार घेऊन तिथे आले. मोठ्या ऑर्डरीत काम वाटले जाते : एक जण फक्त आकाश रंगवतो, दुसरा झाडे.

नक्कल की बनावट? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवाना घेऊन मूळ चित्रासमोर बसून नक्कल करता येते. अट अशी, की ती मूळ मापाची नसावी आणि तिच्यावर मूळ चित्रकाराची सही नसावी.

हक्काचे काय? भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. व्हॅन गॉग (निधन १८९०) आणि राजा रविवर्मा (१९०६) यांची चित्रे खुली. पिकासोची (१९७३) २०३३ अखेरपर्यंत नाहीत.

घरातले जुने ‘रविवर्मा’? बहुतेक वेळा ते तैलचित्र नसून छापील ओलिओग्राफ असते. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला.

पारख कशी करावी? भिंगातून पाहा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छपाई. काही विक्रेते छपाईवर पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. तेव्हा उंचवटा एकीकडे आणि रंगाची कड भलतीकडे जाते.

टांगताना काय पाहावे? तैलरंग हाताला कोरडा लागला, तरी आतून वाळायला महिने लागतात. ताज्या चित्रावर काच लावू नका. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा आणि मागे हवा खेळू द्या.