सिनेमातलं हैदराबाद: मलकपेठेतल्या एका खोलीचा आराखडा

हल्ली ‘इमर्सिव्ह’ प्रदर्शनांची चलती आहे. अंधारी खोली, चारी भिंतींवर प्रोजेक्टर, कानठळ्या बसवणारं संगीत. सिनेमातल्या शहरावर असं प्रदर्शन करायला माझी हरकत नाही. पण बाहेर पडणाऱ्याला कॅमेरा कुठे उभा होता, एवढं तरी कळायला हवं. नाहीतर तो नुसता महागडा वॉलपेपर.

आधी भिंतीचं गणित. जुन्या सिनेमाची चौकट साधारण ४:३. १२ मीटर रुंद, ३ मीटर उंच भिंत भरायची तर चित्र ९ मीटर उंच होतं, म्हणजे दोन-तृतीयांश कापलं जातं. चारमिनारचे मिनारच गेले! त्यापेक्षा ४ बाय ३ मीटरचं अख्खं चित्र दाखवावं आणि उरलेली भिंत काळी ठेवावी.

मुंबईत २०१२ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मधुश्री दत्ता यांच्या पुढाकाराने ‘प्रोजेक्ट सिनेमा सिटी’ मांडलं गेलं. सिनेमातल्या शहरासोबत सिनेमा घडवणारं शहरही त्यात होतं. आपल्याकडेही एक कोपरा धीरेन गांगुलींच्या लोटस फिल्म कंपनीला हवा. १९२२ मध्ये ती इथे निघाली. ‘रझिया बेगम’वरून निजामाची मर्जी गेली आणि गांगुलींना हैदराबाद सोडावं लागलं.

माझा आराखडा असा: जमिनीवर शहराचा नकाशा, मधोमध मलकपेठ, तिथे उभे तुम्ही. पडदे खऱ्या दिशांना. नैऋत्येला चारमिनार, ज्याच्या एका शॉटवर ‘हैदराबाद आलं’ म्हणून दिग्दर्शक मोकळे होतात. आग्नेयेला १९९६ पासूनची रामोजी फिल्म सिटी. तिथलं दृश्य कोणत्या शहराचं सोंग आहे, हे पाटीवर लिहायलाच हवं. उत्तरेला, मुसीपलीकडे, यल्लारेड्डीगुडा. श्याम बेनेगलांनी ‘अंकुर’ (१९७४) तिथे चित्रित केला.

सर्वांत जास्त जागा मी याच पडद्याला देईन. पडद्यावर खेडं दिसतं; ते आज शहराच्या पोटात गेलंय. शिवाय त्यातली दखनी! ‘हौ’, ‘नक्को’ ऐकत वाढलेल्या मलकपेठवाल्याला अंगावर येणाऱ्या चित्रांपेक्षा तो आवाजच आत ओढेल. म्हणून तिन्ही पडद्यांचा आवाज आळीपाळीने सोडायचा, नुसता कल्ला नको.

हक्कधारकांची परवानगी लागेलच. ‘अंकुर’वर २०३४ अखेरपर्यंत कॉपीराइट आहे. पण परवानगी उशिरा मिळाली तरी चालेल. त्याआधी फ्रेम्स घेऊन यल्लारेड्डीगुड्यातल्या जुन्या रहिवाशांना भेटावं लागेल: ही वाट कुठली, हा वाडा कुठे होता? तेव्हाची शाळकरी मुलं आज साठीत आहेत.