बाद होण्याची किंमत: बेसबॉल आणि गहुंजेचे क्रिकेट

बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक पडले की फलंदाज बाद होतो. यालाच स्ट्राइकआउट म्हणतात. चेंडू मैदानात जातच नसल्याने क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा फायदा मिळत नाही आणि बेसवरच्या साथीदारालाही सहसा पुढे सरकता येत नाही. म्हणून बाद होण्याचा हा सर्वांत वाईट प्रकार समजला जाई. आकडेवारीने हा समज बराच सैल केला.

नऊ डावांच्या सामन्यात प्रत्येक संघाला 27 बाद मिळतात, डावाला तीन. कसेही बाद झाले तरी त्यांतला एक खर्च होतोच. उलट जमिनीलगत मारलेल्या चेंडूवर कधी कधी डबल प्ले होऊन एका फटक्यात दोघे बाद होतात. स्ट्राइकआउटमध्ये हा धोका जवळजवळ नसतो. फायदा-तोट्याची वजाबाकी केली, तर स्ट्राइकआउट इतर प्रकारे बाद होण्यापेक्षा किंचितच महाग पडतो.

खरे नुकसान बाद होण्याआधीचे असते. होम रन वगळता मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी सुमारे 30 टक्के चेंडूंवर फलंदाज सुखरूप बेस गाठतो. वारंवार स्ट्राइकआउट होणारा संघ ही संधी गमावतो आणि ती तूट त्याला होम रनने भरून काढावी लागते. वेगवान पिचर आणि जोरकस फटक्यांचा आग्रह यांमुळे अमेरिकेतील मेजर लीगमध्ये 2018 च्या हंगामात प्रथमच स्ट्राइकआउट (41,207) हिटपेक्षा, म्हणजे बेस मिळवून देणाऱ्या फटक्यांपेक्षा (41,018), जास्त झाले.

क्रिकेटमध्ये हिशेब बदलतो. बेसबॉलचा बाद झालेला फलंदाज पाळी आली की त्याच सामन्यात पुन्हा खेळतो. क्रिकेटमध्ये तो त्या डावापुरता संपतो. शिवाय मर्यादित षटकांच्या सामन्यात गडी आणि चेंडू अशी दोन्ही साधने मोजकी असतात. एकदिवसीय सामन्यात एका गड्यामागे सरासरी 30 चेंडू येतात, टी-20 मध्ये फक्त 12. कसोटीत चेंडूंना ठरावीक मर्यादा नसते. मावळ तालुक्यातील गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर या तिन्ही प्रकारांची ठळक उदाहरणे घडली आहेत.

फेब्रुवारी 2017 मध्ये येथे झालेल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचा पहिला डाव 3 बाद 94 वरून 105 धावांत आटोपला. शेवटचे सात गडी 11 धावांत गेले. स्टीव्ह ओकीफने 35 धावांत 6 बळी घेतले. सामन्याचा दोन दिवसांहून अधिक वेळ शिल्लक राहिला, पण गडी संपल्यावर त्या वेळेचा उपयोग नव्हता. कसोटीत निर्धाव चेंडू स्वस्त असतो आणि गडी महाग.

त्याच वर्षी जानेवारीत याच मैदानावरच्या एकदिवसीय सामन्यात इंग्लंडच्या 350 धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था 4 बाद 63 झाली होती. गडी केव्हा बाद झाला यावर त्याची किंमत कशी ठरते, हे पावसाने अडलेल्या सामन्यात लक्ष्य ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस पद्धतीच्या तक्त्यातून दिसते. 40 षटके बाकी असताना सर्व गडी शाबूत असलेल्या संघाकडे 89.3 टक्के साधनसंपत्ती असते; चार गडी गेल्यास ती 59.5 टक्क्यांवर येते. दहाच षटके उरली असतील, तर तेच चार गडी गेल्याने ती 32.1 वरून फक्त 28.3 टक्क्यांवर येते. भारताचे गडी डावाच्या सुरुवातीलाच, म्हणजे सर्वांत महाग वेळी गेले होते. तरीही विराट कोहली (122) आणि पुण्याचा केदार जाधव (76 चेंडूंत 120) यांनी 200 धावांची भागीदारी केली आणि भारताने 11 चेंडू राखून सामना जिंकला.

टी-20 मध्ये निर्धाव चेंडूच महाग ठरतो. एप्रिल 2022 मध्ये आयपीएलच्या सामन्यात मुंबईविरुद्ध पाच गडी गमावलेल्या कोलकात्याच्या पॅट कमिन्सने गहुंजेत 14 चेंडूंत अर्धशतक ठोकले आणि 162 धावांचे लक्ष्य 16 षटकांतच गाठले गेले. बाद होण्याची जोखीम पत्करून मोठा फटका मारण्याचे हे गणित आजच्या बेसबॉल फलंदाजाच्या गणिताच्या सर्वांत जवळ जाते.

थोडक्यात, बाद होण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते: किती बाद शिल्लक आहेत, किती चेंडू शिल्लक आहेत आणि बाद झालेला फलंदाज पुन्हा खेळू शकतो की नाही.