आधी वादळ, मग वाद

चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये अगस्तीश्वराचं देऊळ आहे, जेझुइटांनी १९२५ मध्ये काढलेलं लोयोला कॉलेज आहे आणि १९७६ चं वळ्ळुवर कोट्टमही आहे. कोट्टममध्ये तिरुक्कुरळची १३३० वचनं दगडात कोरलेली आहेत. ती रचणारे तिरुवळ्ळुवर जैन की शैव, हा वाद मात्र मिटलेला नाही. वाद पंडितांत असतो तोवर ठीक. तो घरच्या देव्हाऱ्यापाशी आला की पोटात गोळा येतो.

शिकायला किंवा नोकरीला घरापासून लांब आलेल्यांना हा गोळा ओळखीचा असतो. रामरक्षा एक दिवस राहून जाते, मग म्हणावीशीच वाटत नाही. झोप उडते ती देव आहे की नाही या प्रश्नाने कमी, आणि ‘आईला काय सांगू?’ या विचाराने जास्त.

या शहरापासून दीडेकशे किलोमीटरवर, तिरुपतीच्या जंगलात, एका मराठी कुटुंबाने हेच फार भयानक रूपात भोगलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळ होता. पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांनी होता नव्हता तो पैसा तीर्थांत, दानधर्मात घातलेला. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर. अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. शास्त्र्याच्या मुलाने मजुरी! काही दिवसांतच वडील गेले, पाठोपाठ आई. सोळा वर्षांची धाकटी मुलगी हे सगळं बघत होती. सांगितलेली सगळी व्रतं केली, मग देव का पावला नाही?

तीच पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न तिथे थांबले नाहीत. ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइनशी पत्रांतून भांडत राहिल्या. एका पुरोहितशाहीचं जू उतरवून दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. खरं समाधान मिळालं ते १८९१ च्या सुमारास, असं त्यांनीच पुढे लिहिलं. म्हणजे सतरा वर्षं! एका रात्रीत निकाल लावायची घाई झालेल्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत श्रद्धा डळमळणं नोंदलेलं आहे. मात्र आजार म्हणून नव्हे, मदतीची गरज पडू शकणारी अडचण म्हणून. ज्युली एक्सलाइन आणि केनेथ पारगामेंट यांच्या २०१४ च्या मोजपट्टीत अशा झगड्यांचे सहा प्रकार आहेत. देवावरचा राग वेगळा, शंका वेगळी, नातलगांशी वितुष्ट वेगळं. आपलं नेमकं काय दुखतंय हे कागदावर उतरवलं, तरी छातीवरचं ओझं थोडं हलतं.

छाती धडधडत असताना तत्त्वज्ञान करू नये. पाय गार फरशीवर टेकवावेत, श्वास सावकाश सोडावा, काहीतरी खाऊन घ्यावं. रात्री अकराला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नास्तिकतेची घोषणा तर अजिबात करू नये. सणाला घरी गेल्यावर निरांजन लावलं म्हणून कुणी ढोंगी ठरत नाही. बोलायला माणूस असा शोधावा, ज्याला आपल्याला परत वळवायचंही नाही आणि जिंकायचंही नाही.

जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मात्र थांबू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथे तमिळप्रमाणे मराठीतही बोलता येतं.