काचेला चिकटलेला सकर: शेवाळ खाणाऱ्या माशांविषयीचे गैरसमज

मत्स्यालयाच्या काचेवर हिरवट थर दिसू लागला की बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो 'सकर' आणण्याचा. दुकानात हा मासा बोटाएवढा असतो, काचेला तोंड लावून गप्प बसलेला असतो आणि स्वस्तही असतो. तो 'क्लीनर' म्हणून विकला जातो, आणि निम्मे गैरसमज त्या एका शब्दातून सुरू होतात.

कोणताही मासा टाकी स्वच्छ करत नाही. शेवाळ खाल्ले की त्याची विष्ठा होते, विष्ठेतून अमोनिया आणि पुढे नायट्रेट तयार होते, आणि तेच पुन्हा शेवाळाचे खत ठरते. सकर खादाड असल्याने त्याच्या बाबतीत हे चक्र डोळ्यांनी दिसते: रात्री स्वच्छ असलेल्या रेतीवर सकाळी त्याच्या विष्ठेचे लांब दोरे पसरलेले असतात. पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट कमी होते ते पाणी बदलल्यावर, नाहीतर वनस्पतींनी ते शोषून घेतल्यावर आणि त्यांची छाटणी टाकीबाहेर गेल्यावर. दिवा बारा-बारा तास चालू असेल, खिडकीतले ऊन थेट काचेवर येत असेल आणि मासे संपवतील त्यापेक्षा जास्त खाद्य रोज पडत असेल, तर शेवाळ खाणारे दहा मासेही पुरे पडत नाहीत. दिवा सात-आठ तासांवर आणल्याने जेवढा फरक पडतो तेवढा सहसा माशाने पडत नाही.

'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' ही समजूतही सकरच्याच आधाराने टिकून आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा मासा पूर्ण वाढला की 30 ते 45 सेंटिमीटरचा होतो. दोन फुटी टाकीत तो लहान राहिलाच, तर ती जुळवून घेण्याची कला नसते. साचलेल्या घाणीने आणि अपुऱ्या जागेने त्याची वाढ खुंटलेली असते. मोठा झालेला सकर शेवाळापेक्षा गोळ्यांच्या खाद्याकडे जास्त धावतो. मग तो कंटाळून तळ्यात किंवा नदीत सोडला जातो. गंगेत, कोलकात्याच्या पाणथळींत, आंध्र आणि केरळच्या पाण्यात आज जे सकर सापडतात त्यांची सुरुवात अशाच टाक्यांतून झाली. त्याच्या काटेरी पंखांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि विणीसाठी तो काठ पोखरतो.

वनस्पती असलेल्या टाकीत सकरचा आणखी एक दोष उघडा पडतो. त्याचे तोंड खरवडण्यासाठी बनलेले आहे, आणि अमेझॉन स्वोर्डसारखे रुंद पान त्याला काचेसारखेच सपाट वाटते. रात्री तो पानावर बसून वरचा थर खरवडतो. सकाळी शिरांची जाळी शाबूत आणि मधला भाग पारदर्शक, असे पान दिसते. मात्र पानावरच्या प्रत्येक भोकाचे खापर माशावर फोडणे बरोबर नाही. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडून त्यांच्या कडा पिवळ्या होत असतील, तर बहुधा पाण्यात पोटॅशियम कमी असते. अशा वेळी मासा काढून टाकला तरी भोके पडतच राहतात.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज म्हणजे शेवाळ ही एकच गोष्ट आहे आणि ती खाणारा मासा सगळे शेवाळ खातो. वस्तुस्थिती अशी की एका टाकीत चार-पाच अगदी वेगळ्या वस्तू 'शेवाळ' या नावाखाली नांदतात. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि पानांवर बोटाने सहज पुसला जाणारा तपकिरी थर येतो. तो डायटमचा असतो, आणि टाकी मुरली की बहुधा आपोआप ओसरतो. काचेवर आणि अनुबियासच्या सावकाश वाढणाऱ्या पानांवर हिरवे, कडक ठिपके बसतात; ते जवळजवळ कोणत्याच माशाच्या तोंडाला दाद देत नाहीत, ब्लेडने काढावे लागतात. पाणीच पोपटी दिसू लागले तर ते तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाने, आणि तरंगणारी एक पेशी खरवडणार तरी कशी? तिथे टाकी काही दिवस पूर्ण अंधारात ठेवणे किंवा यूव्ही दिवा वापरणे हाच मार्ग. रेतीवर निळसर-हिरवी, उग्र वासाची, चादरीसारखी उचलली जाणारी साय पसरली, तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया असतात, आणि बहुतेक मासे त्यांना तोंडही लावत नाहीत.

फिल्टरच्या तोंडाशी आणि पानांच्या कडांवर दिसणारे काळपट केसांचे झुपके हा सगळ्यांत चिवट प्रकार. दिसायला काळे असले तरी ते लाल शैवालांच्या कुळातले आहेत. असा झुपका असलेले पान तोडून थोड्या स्पिरिटमध्ये टाकले की हिरवा रंग उतरतो आणि केस लालसर दिसू लागतात. ओळख पटवायला एवढी खूण पुरते. हे काळे शेवाळ खरोखर खाणाऱ्या मोजक्या माशांत सयामी अल्गी ईटरचे नाव पहिले घ्यावे लागते. तो वनस्पतींना त्रास देत नाही आणि मिश्र टाकीतल्या टेट्रा-बार्बसारख्या माशांशी सहसा जमवून घेतो. पण तोही 12 ते 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, चपळ असतो आणि उडी मारतो. त्याला तीन-चार फुटांची टाकी आणि वर झाकण लागते. वयाबरोबर त्याचा आळसही वाढतो, आणि खाद्याच्या पापड्या आयत्या मिळत असतील तर काळ्या झुपक्यांकडे तो पाहत नाही.

खरी अडचण दुकानात येते, कारण 'अल्गी ईटर' या एका पाटीखाली निदान तीन-चार वेगवेगळे मासे पोहत असतात. अस्सल सयामी माशाच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या पंखातून थेट टोकापर्यंत जातो, आणि पंख पारदर्शक असतात. पट्टा शेपटीच्या बुडाशीच थांबला असेल तर तो बहुधा गारा वंशातला दुसरा मासा. काळ्या पट्ट्याच्या वर ठळक सोनेरी रेघ आणि पंखांवर काळ्या-पांढऱ्या कडा असतील तर तो फ्लाइंग फॉक्स. तो काळ्या शेवाळावर फारसा उपयोगी नसतो आणि मोठेपणी हद्दीवरून भांडतो. यांच्यात सर्वाधिक फसवणारा मात्र चायनीज अल्गी ईटर. नावात चीन असले तरी त्याचे मुख्य घर थायलंड, लाओस आणि कंबोडियाच्या नद्यांत आहे. त्याच्या कल्ल्याला वरच्या बाजूला एक जादा फट असते. पाणी तिथून आत येते, त्यामुळे तोंड दगडाला चिकटलेले ठेवूनच तो श्वास घेऊ शकतो. सोनेरी रंगाचे पिल्लू देखणे दिसते आणि लहानपणी शेवाळही खाते. मोठे झाले की ते फुटाच्या घरात जाते, इतरांना हुसकावते आणि एंजल, डिस्कससारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर खाते. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी एक परीक्षा आहे: सयामी मासा काचेला चिकटत नाही, तो खालच्या पंखांवर आणि शेपटीवर टेकून बसतो, चायनीज मात्र तोंडाने घट्ट चिकटून राहतो.

लहान टाकीसाठी आणि नाजूक पानांसाठी सर्वांत निर्धोक निवड ओटोसिंक्लसची. हा सकरच्याच कुळातला, पण जेमतेम चार सेंटिमीटरचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 50 लिटर पाणी बसते. तेवढ्यात पाच-सहांचा थवा नांदतो. पानाच्या देठाला इजा न करता तो वरचा तपकिरी आणि मऊ हिरवा थर तेवढा उचलतो. नव्या टाकीत तपकिरी थर आला म्हणून त्याच आठवड्यात ओटो आणणे मात्र चुकीचे. थर संपला की ते उपाशी राहतात, आणि बाजारात येणारे बरेच ओटो जंगली पाण्यातून पकडलेले असल्याने प्रवासातच अर्धपोटी झालेले असतात. काचेला चिकटलेला ओटो खालून पाहावा: पोट गोल असेल तर घ्यावा, आत ओढलेले असेल तर घेऊ नये. टाकी दोन-तीन महिने चाललेली असावी.

सकर आणि ओटो यांच्यातला मधला मार्ग म्हणजे ब्रिसलनोज. 12 ते 13 सेंटिमीटरला त्याची वाढ थांबते, नराच्या थोबाडावर मांसल दाढी उगवते, आणि पोट भरलेले असेल तर पानांना तो क्वचितच हात घालतो. तरी अमेझॉन स्वोर्डच्या शेजारी त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. दख्खनच्या नद्यांत दगड खरवडणारा गारा मुल्या हाही शेवाळखाऊच. निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध केले. पण त्याला वाहते, भरपूर ऑक्सिजनचे पाणी हवे, म्हणून घरगुती कोमट, संथ टाकीत तो रमत नाही.

मासाच हवा हा आग्रह सोडला तर काम सोपे होते. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी आपल्या वनस्पती-टाक्यांतून लोकप्रिय केलेली, आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कोळंबी केसाळ शेवाळ चिमटून खाते. हिरवे कडक ठिपके थोडीफार दाद देतात ती नेराइट गोगलगायींना. गोगलगायी आणल्या की टाकी त्यांनी भरून जाते, ही भीती नेराइटच्या बाबतीत खोटी आहे. त्यांच्या पिल्लांना मचूळ पाणी लागते, त्यामुळे गोड्या पाण्यात वंश वाढत नाही, काचेवर आणि लाकडावर पांढरी अंडी मात्र राहतात. अमानो कोळंबीचाही वंश गोड्या पाण्यात वाढत नाही. तांबे असलेले माशांचे औषध कोळंबीला मारते, आणि एंजलसारखा मोठ्या तोंडाचा मासा लहान कोळंबी सहज गिळतो.

शेवटचा गैरसमज उपाशी ठेवण्याचा: वेगळे खाद्य दिले नाही तरच हे मासे शेवाळ खातील, असे मानले जाते. प्रत्यक्षात उपाशी ब्रिसलनोज आणि सकर आधी मऊ पानांवर जातात, आणि ओटो हळूहळू मरतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दिवा मालवल्यावर, काकडीची चकती किंवा थोडा वाफवलेला दुधी वजनाला बांधून तळाशी सोडावा. थव्यातले मासे तासाभरात त्यावर गोळा होतात. उरलेला तुकडा सकाळी काढून टाकावा, नाहीतर तोच पाणी बिघडवतो.