फळीवरची जागा मिळवणारा यंत्रमानव

१९८३ साली अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, न खपलेले खेळ मातीमोल किमतीला काढावे लागले आणि हात पोळलेले दुकानदार या मालाला फळीवर जागा द्यायलाही कचरू लागले. त्यामुळे १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये उतरलेल्या जपानच्या निन्टेंडो कंपनीला ग्राहकाआधी दुकानदाराचे मन वळवावे लागले. न विकलेला माल परत घेण्याची हमी तिने दिली, मांडणी स्वतःच्या माणसांकरवी उभारून दिली आणि दर्शनी भागात रॉब नावाचा छोटा यंत्रमानव ठेवला, ज्यामुळे कंपनीचे व्हिडिओ गेमचे यंत्र खेळण्यांच्या विभागात सहज सामावले. रॉब संथ होता, अवघ्या दोन खेळांपुरता उपयोगी होता. परंतु त्याची खरी कामगिरी घरात नव्हे, दुकानात होती.

पुढे आलेल्या एम८२ या प्रात्यक्षिक यंत्रात, म्हणजे ग्राहकाने खरेदीपूर्वी खेळून पाहावे यासाठी मांडलेल्या नमुन्यात, बारा कार्ट्रिज (खेळाची चिप असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या) एकाच वेळी बसत आणि बटण दाबून खेळ बदलता येई. दुकानदाराने ठरवलेली मुदत संपताच खेळ आपोआप थांबून पुन्हा आरंभी येई; त्यामुळे एकच मूल यंत्र अडवून बसत नसे, शिवाय डाव ऐन रंगात मोडल्याने त्याची इच्छा अपुरी राही, जे अर्थातच विक्रेत्याच्या पथ्यावर पडे.