अंध पुतणी, तिची कुत्री आणि अंबरनाथची जत्रा

मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचें न्यू जर्सीहून पत्र आलें. मजकूर चार ओळींचा होता. "काका, येत्या महाशिवरात्रीला मी घरीं येतें आहें. आजीबरोबर अंबरनाथच्या जत्रेला जायचें आहे. माझी कुत्री बरोबर असेल. तिचें नांव मी कोणालाच सांगणार नाहीं. सांगितलें कीं सगळे तिला हांका मारीत सुटतील." शेवटच्या वाक्यानें घरांत हंसूं पिकलें खरें, परंतु त्याच्या आधींच्या वाक्यानें जी शांतता पसरली ती दोन दिवस टिकली.

आमचें घर उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्यें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करासाठीं जी छावणी उभारली होती, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची वस्ती झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. कॅम्पांचे आंकडे मात्र लोकांच्या तोंडीं राहिले ते राहिलेच. ह्याच सरळ रांगांमधल्या बोळांतून ही मुलगी लहानपणीं धांवत असे. बाराव्या वर्षापासून ती दिवेलागणीनंतर अडखळूं लागली, तेव्हां आम्हीं तिला वेंधळी म्हणून रागें भरलों. पुढें डॉक्टरांनीं 'रेटिनायटिस पिग्मेंटोजा' असें निदान केलें. ह्या विकारांत बहुधा प्रथम अंधारांतली नजर जाते, मग दृष्टीच्या कडा आंत आंत सरकूं लागतात, आणि नळींतून पाहिल्यासारखें मधलें तेवढें दिसतें. आमच्या पुतणीला आतां उजेड आहे कीं काळोख, एवढेंच कळतें.

निदान झाल्यापासून आम्हीं तिला एकटी कधीं उंबऱ्याबाहेर जाऊं दिली नाहीं. कोणी ना कोणी दंड धरून तिला नेई. ह्याला आम्ही माया म्हणत होतों, आणि ती माया होतीच.

लग्नानंतर ती न्यू जर्सीला गेली, आणि तेथल्या मॉरिसटाऊन गांवच्या 'सीइंग आय' ह्या संस्थेंतून तिला ही कुत्री मिळाली. ह्या विद्येचा आरंभ पहिल्या महायुद्धांत जर्मनींत झाला. लढाईंत डोळे गमावलेल्या सैनिकांसाठीं १९१६ सालीं ओल्डेनबुर्ग येथें वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. स्वित्झर्लंडमध्यें राहणाऱ्या डोरोथी यूस्टिस ह्या अमेरिकन बाईंनीं तशीच एक शाळा पाहून १९२७ सालीं एका साप्ताहिकांत लेख लिहिला. तो टेनेसींतील नॅशव्हिल गांवच्या मॉरिस फ्रँक नांवाच्या अंध तरुणास वडिलांनीं वाचून दाखविला. ह्या मुलाचा एक डोळा सहाव्या वर्षीं व दुसरा सोळाव्या वर्षीं गेला होता. त्यानें बाईंना पत्र लिहिलें, आणि तिनेंही त्याला बोलावून घेतलें. गंमत अशी कीं, स्वित्झर्लंडला जातांना हा वीस वर्षांचा तरुण एखाद्या पार्सलासारखा वाहतूक कंपनीच्या हवालीं करण्यांत आला होता. जहाजावर त्याला खोलींत कोंडून ठेवीत. परततांना मात्र त्याच्याबरोबर 'बडी' नांवाची कुत्री होती. १९२८ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरतांच वार्ताहरांनीं त्याला आव्हान दिलें, तेव्हां तेथला अत्यंत धकाधकीचा रस्ता त्यानें बडीच्या भरंवशावर ओलांडून दाखविला आणि यूस्टिस बाईंना 'यश' एवढ्या एकाच शब्दाची तार केली. पुढच्याच वर्षीं 'सीइंग आय' निघाली.

ही हकीकत मीं घरांत वाचून दाखविली. सोवळ्याओंवळ्याचा प्रश्न निघेल अशी माझी अपेक्षा होती. पण आईनें तो एका वाक्यांत मिटविला. "दत्तमहाराजांच्या पायांशीं चार असतात, आपल्या दारीं एक आली तर काय बिघडलें? स्वयंपाकघराचा उंबरा मात्र तिनें ओलांडूं नये." जिनें जन्मभर नामदेवांच्या तुपाच्या वाटीची गोष्ट नातवंडांना सांगितली, तिच्या तोंडून निराळें काय निघणार? खरी हरकत दादांची, म्हणजे मुलीच्या वडिलांची होती. ते म्हणाले, "एवढें भरलें घर असतांना पोरीला कुत्र्याच्या हवालीं केली असें लोक म्हणतील. आणि त्या गर्दींत तें जनावर तुडवलें जाईल, तें निराळेंच."

हें टेलिफोनवर पुतणीच्या कानांवर गेलें तेव्हां ती म्हणाली, "बाबा, मी तिच्या हवालीं नाहीं, ती माझ्या हवालीं आहे." ह्या उत्तराचा अर्थ आम्हांला ती आल्यावर समजला. आपली अशी समजूत असते कीं, कुत्र्याला 'बाजारांत चल' म्हटलें कीं तें नेतें. तसें मुळींच नाहीं. कोठें जायचें, कोठें वळायचें, हें माणसानें मनांत नकाशा धरून ठरवायचें. कुत्र्यानें वाटेंतला खड्डा, खांब, उभी हातगाडी टाळायची, आणि पायरी आली कीं थांबायचें. तें थांबलें म्हणजे माणूस पायानें चांचपून पाहतो. त्याच्या अंगावरच्या पट्ट्याला जी ताठ मूठ असते, तिच्यांतून कुत्र्याच्या खांद्याची प्रत्येक हालचाल हाताला कळते. सर्वांत अवघड शिकवण निराळीच: समोरून मोटार येत असतांना धनिणीनें 'पुढें' म्हटलें तरी पुढें न जाणें. हुकूम कोणता मोडायचा हें ज्याला कळतें तो चाकर किती मोलाचा, हें मोठीं घरें चालविणाऱ्या गृहिणींना सांगावयास नको.

ती महाशिवरात्रीच्या बारा दिवस आधीं आली. मुंबईच्या विमानतळावरील पशुविलगीकरण खात्याचें ना-हरकत पत्र, लशींचे दाखले वगैरे तजवीज तिनें आधींच केली होती. कुत्री लॅब्रॅडोर जातीची, पिवळसर, आणि आमच्या घरांतल्या कोणत्याही मुलापेक्षां शांत. मूठ चढविली कीं ती कामावर. मूठ उतरली कीं दिवाणाखालीं घोरत पडणार. मुलांना पुतणीनें पहिल्याच संध्याकाळीं नियम सांगितला: मूठ असतांना हात लावायचा नाहीं, बोलायचें नाहीं, खाऊ द्यायचा नाहीं. सौभाग्यवतींनीं कौतुकानें शिऱ्याची वाटी पुढें केली, तेव्हां ती जवळजवळ ओरडलीच. बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांस घातक असतात, हें आम्हांला कोठून ठाऊक? कांदा आणि चॉकलेटही तसेंच.

अडचण निघाली ती भलत्याच ठिकाणीं. तिकडे रस्त्यावर मोकाट कुत्रीं नसतात. आमच्या गल्लींत सहा आहेत. पहिल्या सकाळीं त्यांनीं ह्या परदेशी पाहुणीला घेरून असा गिल्ला केला कीं, पुतणी दाराशींच थिजली. भांडण झालें असतें तर वाटाड्या कुत्रीचें मन कायमचें बिथरण्याचा संभव असतो, आणि मग तिची सारी शिकवण फुकट. तोड काढली ती शेजारच्या सिंधी गृहस्थांनीं. ते रोज सकाळीं गल्लींतल्या कुत्र्यांना पोळ्या घालतात. त्यांनीं आपली वेळ व जागा बदलून गल्लीच्या दुसऱ्या टोंकाला पंगत मांडली, आणि आमचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे अशीं कुत्रीं वापरणारे अंध फारच थोडे, ह्याचीं कारणें विद्वान लोक अनेक देतील. त्यांत ह्या सहा जणांचाही समावेश करावा.

जत्रेच्या दोन दिवस आधीं आम्ही देवळापर्यंतची वाट चालून आलों. अंबरनाथचें शिवालय शिलाहारांच्या काळचें. शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काल आहे. वालधुनी नदीच्या कांठीं तें उभें आहे, आणि गाभारा वीसेक पायऱ्या उतरून खोल आहे. पुतणीनें वाट पावलांनीं मोजली, उन्हाची जागा कोणती, सांवलीची कोणती, गर्दी वाढली तर बाहेर कोठून पडायचें आणि चुकामूक झाली तर कोठें भेटायचें, हें सारें ठरविलें. रस्त्यावर उलटा तळहात टेकवून पाहिला; आपल्याला पांच-सात सेकंद सोसवत नाहीं तो रस्ता कुत्रीच्या पंजांनाही सोसवत नाहीं. म्हणून पहांटेच निघायचें, आणि ऊन चढण्याच्या आंत परतायचें. पाण्याची बाटली, पसरट वाटी व तिच्या विष्ठेसाठीं पिशव्या, एवढा जामानिमा.

ढोलांचें काय करायचें, हा प्रश्न उरला. त्यावर पुतणीनें 'रोझेल' नांवाच्या एका वाटाड्या कुत्रीची गोष्ट सांगितली. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर विमानें आदळलीं, तेव्हां मायकेल हिंगसन हे अंध गृहस्थ ७८ व्या मजल्यावर होते. धुरांतून, गर्दीतून, रोझेलनें त्यांना १४६३ पायऱ्या उतरवून खालीं आणलें. तीच रोझेल आदल्या रात्रीं ढगांच्या गडगडाटानें घाबरून थरथरत होती. गोष्ट ऐकून मुलांनीं टाळ्या पिटल्या. पण पुतणीच पुढें म्हणाली, "एकीचें धैर्य दुसरीकडे मागूं नये. माझी घाबरली तर आपण परत फिरायचें, आणि त्यावर कोणी हळहळायचें नाहीं." ही अट मला रोझेलच्या पराक्रमापेक्षांही अधिक पटली.

महाशिवरात्रीच्या पहांटे आई, दादा, पुतणी, कुत्री आणि मी असे रिक्षानें निघालों; पुढें वाहनें बंद, म्हणून पायीं. पहिला अर्धा रस्ता मी विसरणार नाहीं. पुतणी आमच्या पुढें, सरळ मानेनें, आमच्यापेक्षां वेगानें चालली होती. फुलांच्या टोपल्या, रांगोळीवाल्या, खेळण्यांचे गाडे, मध्येंच पडलेली दोरी, साऱ्यांना वळसा घालून ती जाई. कुत्री एके ठिकाणीं एकदम थांबली. पुतणीनें पाय पुढें करून पाहिला, तों उघडी नाली. दादा मागून हात पुढें करीत आणि आंवरीत होते.

उरलेला रस्ता निराळा. रांगेचें तोंड जसजसें जवळ आलें तसतशी माणसें खांद्याला खांदा लावून उभीं होतीं. कोणी कुत्रीच्या शेपटीवर पाय दिला, कोणी "हाड्" केलें, एका बाईंनीं भक्तिभावानें पेढा पुढें केला, आणि एक पोर पट्ट्यालाच लोंबकळूं लागलें. एका स्वयंसेवकानें, कुत्रें जत्रेंत कशाला, म्हणून हटकलें. अमेरिकेंत १९९० च्या कायद्यानें अशा कुत्र्याला सर्व सार्वजनिक ठिकाणीं प्रवेश दिला आहे; आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सार्वजनिक जागा दिव्यांगांस सुगम करण्याचें बंधन घातलें आहे; पण पहांटे चारपासून उभ्या असलेल्या त्या मुलाला कायदा कोण सांगणार? मीं दोन शब्दांत समजाविलें, आणि त्यानें मुकाट्यानें दोरी वर केली. व्यवस्थापकांस दोन दिवस आधीं कळवून ठेवलें असतें तर त्याचा व आमचा दोघांचाही वेळ वांचला असता. ती चूक आमचीच.

तेथें पुतणी थांबली आणि तिनें मूठ उतरविली. मला वाटलें कुत्री घाबरली. तसें नव्हतें. कुत्री फटीतून वाट शोधते. जेथें फटच नाहीं तेथें ती काय शोधणार? अशा दाटींत तिला ओढणें म्हणजे तिच्यावर अन्याय, असें पुतणीचें म्हणणें. देवळांत तिला न्यावयाचें नाहीं हेंही तिनें आपणहून ठरविलें होतें. दोरी माझ्या हातीं देऊन ती म्हणाली, "काका, तुम्ही हिला घेऊन त्या झाडाखालीं बसा. बाबा, चला."

दादांनीं जुन्या संवयीनें तिचा दंड धरला आणि तिला पुढें लोटूं लागले. तिनें त्यांचा हात अलगद सोडविला, आणि त्यांच्याच कोंपराच्या वर आपला हात ठेवला. "तुम्ही पुढें, मी अर्धें पाऊल मागें. तुमचें कोंपर वळलें कीं मला वळण कळतें. पायरी आली कीं क्षणभर थांबा. बोलायची गरज नाहीं." मीं झाडाखालून पाहिलें. दादा पहिल्या दहा पावलांत दोनदां मागें वळले, मग वळेनासे झाले. आई दुसऱ्या बाजूला नातीच्या पदराला धरून चालली होती. गाभाऱ्याच्या त्या वीस पायऱ्या तिघें कशीं उतरलीं हें मला दिसलें नाहीं. पण दादा सांगतात कीं, प्रत्येक पायरीवर ते कुत्रीसारखेच थांबत होते.

मी आणि कुत्री दीड तास झाडाखालीं होतों. ढोलांचें पथक समोरून गेलें तेव्हां ती उठून माझ्या पायांमध्यें शिरली आणि पथक लांब जाईपर्यंत तेथेंच उभी राहिली. पाणी प्यायली. पेढेवाल्या बाई पुन्हा आल्या, त्यांना मीं हात जोडले.

तीं तिघें परत आलीं तेव्हां आईच्या कपाळावर विभूति होती आणि पुतणीच्या हातांत लांकडी भोंवरा, लहानपणीं ह्याच जत्रेंत घेतला होता तसा. गर्दीची कड लागतांच तिनें पुन्हा मूठ चढविली. कुत्रीनें अंग झटकलें आणि ती चालूं लागली. आम्ही मागें होतों. उघडी नाली आली, कुत्री थांबली, पुतणीनें पाय टेकून पाहिला आणि ओलांडून गेली. दादा अगदीं तिच्या पाठोपाठ होते. त्यांनीं आपले दोन्ही हात पाठीमागें एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.